कणगीच्या तळाचं हिंदुस्थानी पान

अहो,

मायना एवढाच. तुमची सून शालन लेखणी धरून विचारते, "आत्याबाई, पुढं नाव काय लिहू?" आता काय सांगू? मी तुमचं नाव घेतलं ते उखाण्यात, जन्मात दोनदा, आणि दोन्ही वेळा सासूबाई दार अडवून उभ्या होत्या म्हणून. ही तर सून. तिनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. दोघी समोरासमोर बसलोय, एकीला लिहिता येत नाही आणि दुसरीला लिहवत नाही. तेव्हा "अहो" वर भागवून घ्या. जिवंतपणी भागत होतं, आता काय अडलं?

"अन् पत्ता?" शालन विचारते. म्हटलं, जाताना सांगून गेले न्हाईत.

आणखी एक. मी "व्हतं" म्हणते, ती "होतं" लिहिते. मी "न्हाई" म्हणते, ती "नाही" लिहिते. सातवी पास आहे ना! माझी बोली तिनं धुतली, पिळली आणि शाळेच्या दोरीवर वाळत घातली. ही कोण बाई बोलते आहे असं तुम्हाला वाटलं, तर घाबरू नका, मीच आहे.

आज लिहिते, कारण काल मी कणगी तळापर्यंत खरवडली.

दचकलात? दचकाच.

लग्नानंतर पहिल्या सुगीला सासूबाईंनी मला कणगीत वाकवून दाखवलं होतं. तळची दोन पायल्या ज्वारी हलवायची नाही. नवी आली की वरून ओतायची, पण तळ उघडा पडू द्यायचा नाही. कणगीचा तळ दिसला की लक्ष्मी उठून जाते. मी तो नेम पाळला. तुमच्या तेराव्याला पाहुणे वाढले, पीठ संपलं, तेव्हा शेजारून उसनं आणलं. तळाला हात लावला नाही. माझ्या बाकीच्या प्रत्येक नेमाची तुम्ही थट्टा केलीत. सोमवारची केलीत, चतुर्थीची केलीत, "तुझ्या उपासानं देवालाच भूक लागत असंल" म्हणालात. या एकाची मात्र कधी केली नाही. उलट दर सुगीला मलाच बजावायचात, "तळाला हात लावू नगं बरं का." मला वाटायचं, म्हातारा देवाला लागला. मनात हसायची मी!

यंदा लक्ष्मी आधीच उठून गेली, तळ दिसायची वाट न बघता. पावसानं आपल्या जामखेडकडं यायचा रस्ताच सोडला आहे. विहिरीत पोहरा सोडला तर दगडावर आपटतो. बैल छावणीत नेले, त्यातला पांढरा तिथं बसला तो उठला नाही. तुमचा मुलगा आणि ही शालन रस्त्याच्या कामावर खडी फोडतात. तिचे हात बघा, लेखणी धरताना फोड फुटतोय, आणि म्हणते, "सांगा तुम्ही, मी लिहिते." कामावर मिळालेली सुकडी पदराला बांधून आणतात. रेशनला लाल मिलो मिळतो, परदेशातली ज्वारी. त्याची भाकरी पोरं तोंडात धरून बसतात, गिळत नाहीत.

परवापासून धाकटी नात तापानं पडली आहे. काल दुपारी म्हणाली, "आज्जी, आपली पांढरी भाकर दे." दुसरं काही मागितलं नाही पोरीनं. मी उठले, कणगीत वाकले आणि लक्ष्मीला म्हणाले, तू तर गेलीसच बाई, आता तुझी जागा झाडून घेते.

तळची ज्वारी काळी पडली होती. निम्मं पीठ, निम्मे भुंगे. ते चाळायला ओढत होते तर हात गार पत्र्याला लागला.

साहेबाच्या सिगारेटचा गोल डबा. झाकणाच्या कडेनं मेण. हा डबा हरवला म्हणून मी सगळ्या आळीला शिव्या घातल्या होत्या, आठवतं? तुम्ही तिथंच खांबाला टेकून बसला होतात. तोंड शिवून.

डब्यात चार घड्या घातलेलं एक पान होतं. त्याचं सांगते. पण त्याआधी मला माझं सांगू द्या. पंचवीस वर्षं पोटात ठेवलं आहे. शालन, थांबू नगं, लिहीत ऱ्हा.

लढाईच्या दिवसांत तुम्ही नगरच्या कँपात गवताच्या गंजींवर मुकादम होतात. महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचात आणि येताना गवताचा वास आणि नवीन शब्द घेऊन यायचात. तिथं ते म्हातारे मुनशीजी होते, गोऱ्या साहेबांना हिंदुस्थानी शिकवणारे. गंजीच्या सावलीत बसून त्यांनी तुम्हालाही शिकवली. दोन्ही लिप्यांत. डावीकडून लिहायची आणि उजवीकडून लिहायची. तुम्ही म्हणायचात, "साहेबाला हिंदुस्थानी येती म्हंजे काय, हुकूम सोडता येतो. इधर आव, जल्दी करो, चुप रहो. झाली परीक्षा पास." मी म्हणाले, "मग ती सासूबाईंना बी येती."

एका संध्याकाळी अंगणात शेंगा फोडत बसलो होतो. तुम्ही, मी आणि आपली गोदा. नऊ वर्षांची. तिच्या एका हातात शेंग, एका हातात पाटीवरची पेन्सिल. मी तुम्हाला छेडलं.

"तुमच्या ह्या भाषेचं बारसं कुणी केलं? आत्यानं नाव ठिवलं का?"

"आत्यानं न्हाई. शेजाऱ्यानं."

"शेजाऱ्यानं? शेजारी ठिवतो ती नावं वेगळी!"

"अगं, तसंच हाय. मुनशीजी सांगत व्हते. तिकडं सिंधू नदी हाय. नदीपलीकडच्या इराणी लोकांनी तिला हिंदू म्हटलं. नदीच्या अलीकडचा मुलूख तो हिंदुस्थान. अन् त्या मुलखातलं बोलणं ती हिंदुस्थानी. ज्यांच्या घरात जन्मली त्यांनी कशाला नाव ठिवावं? घरातलं माणूस आपल्या बोलण्याला नावानं हाक मारतं का?"

"म्हंजे आपण बी हिंदुस्थानातलेच?"

"जुनी लोकं आपल्या मुलखाला दख्खन म्हणायची. हिंदुस्थान म्हंजे नर्मदेपलीकडं. स्वारी हिंदुस्थानात गेली म्हणायची, अन् सवता इथं ज्वारी खायची. तिकडं तिला कुणी हिंदवी म्हटलं, आपल्याकडं आली तर दख्खनी झाली, लष्करात अन् दरबारात उर्दू म्हणाले. मग साहेबानं पुस्तक छापलं अन् वर घातलं हिंदुस्थानी."

"अन् तिला सवताला काय वाटतं?"

"कुणाला?"

"भाषेला."

तुम्ही शेंग फोडायची थांबलात. म्हणालात, "तिला कुणी इचारलंच न्हाई."

"मग माझ्यावानीच की!"

गोदा मान वर करून बघायला लागली. तिला ठाऊकच नव्हतं. म्हणून मी तिला सांगितलं, की मी माहेरी चिमा होते. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव काढतात, पण त्या साली तांदूळ मिळाला नाही म्हणून तुमच्या लोकांनी ज्वारीतच काढलं. मला वाचता कुठं येत होतं? दोन दिवस "सरस्वती, ए सरस्वती" अशी हाक ऐकू यायची आणि मी मागं वळून बघायची, ही कोण बाई ओ देत नाही! नाव सरस्वती आणि अक्षराशी वैर. माझं नाव ज्या ज्वारीत काढलं, ती सासूबाईंनी दळून घातली.

गोदा लई हसली. मग गंभीर झाली आणि म्हणाली, "मग आये, तू कोण हाईस? चिमा का सरस्वती?" मी म्हणाले, "तुझी आय हाय, शेंगा फोड."

तुम्ही तिला शिकवत होतात हे मला माहीत होतं. पाटीवर शिकवत होतात, एवढंच माहीत होतं. तुम्ही मलाही म्हणाला होतात, "तू बी बस." मी म्हणाले, भाकरी कोण करील, तुमचे मुनशीजी? तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. एकदा पुन्हा विचारायचं होतं हो! बायको एकदा नाही म्हणते म्हणून काय जन्मभर नाही असतं?

पुढच्या उन्हाळ्यात गावात पटकी आली. गोदा दोन दिवसांत गेली. मी काय सांगणार, तुम्ही तिचे पाय चोळत होतात. पटकीचं घर म्हणून तिचं अंथरूण, परकर, चोळी, चिंध्यांची बाहुली, सगळं गावाबाहेर नेऊन जाळलं. आपल्याकडं फोटो कुठला? चार दिवसांनी मी घर धुंडाळलं, तिचं म्हणून काही हाताला लागतं का बघायला. पाटी सापडली. कुणीतरी ती स्वच्छ पुसून ठेवली होती. तुम्ही पुसलीत का मी, अजून ठाऊक नाही. बहुतेक मीच. मला पुसायचीच सवय.

स्वराज्य आलं. मुनशीजींची तेव्हाची एक गोष्ट तुम्ही येऊन सांगितलीत, हसत नव्हतात. ते म्हणाले होते, उर्दू पलीकडच्या देशात गेली, हिंदी अलीकडं राहिली, आणि हिंदुस्थानी दोघींच्या मधोमध मेली. तिला खांदा द्यायलाही कोणी आलं नाही. मी म्हणाले, "भाषा कुठं मरती का? शेजारची हमीदा बोलती की रोज." तुम्ही म्हणालात, "बोलणं मरत न्हाई. नाव मरतं." मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. पोरगी गेली होती, भाषेसाठी कोण रडतं!

आता तो दिवस.

निजामाच्या हद्दीत धामधूम होती. हद्द आपल्यापासून किती लांब? सकाळी निघालेली गाय दुपारी पलीकडं चरायची. तिकडून माणसं गाठोडी घेऊन येत होती आणि इकडं अफवा येत होत्या. तुम्ही नगरला गेला होतात, मुनशीजींना भेटायला. ते गाव सोडून लेकाकडं चाललेत असा निरोप आला होता. सकाळी भाकरीला बसले तर परड्याच्या भिंतीवरून हमीदा दिसली. अत्ताराची हमीदा, जिच्याकडून मी सुरमा घ्यायची आणि पैशाऐवजी भांडण द्यायची. तोंड पांढरं पडलं होतं.

"भाबी, तुमारे घर में कागजां हैं ना, उलटे हरफ के? सँभालो. लड़के आरै, घरां देखरै."

बाजूच्या वाडीतली पोरं काठ्या घेऊन घराघरात शिरत होती. असले कागद सापडले तर निजामाला सामील म्हणून माणसाला धरतात, असं ती म्हणाली. मी विचारलं, "तू काय केलंस?" ती म्हणाली, "पिठाच्या डेऱ्यात लपवलं," आणि पळाली.

मी तुमची ट्रंक उघडली. पाच वह्या आणि तुम्ही नगरला दिलेल्या हिंदुस्थानीच्या परीक्षेचा दाखला. कुठल्या अक्षराची तोंडं इकडं आणि कुठल्याची तिकडं, मला काय कळणार? मला सगळीच काळी मुंगी. मी चुलीपुढं बसले आणि घातल्या. एकेक पान नाही, अख्ख्या वह्या. त्या जाळावर मी आठ भाकऱ्या केल्या. घरात कोणी शिरलं तर बाई भाकरी करते आहे असं दिसावं म्हणून.

शेवटची वही पातळ होती. तिची पाठ लाल दोऱ्यानं शिवली होती. टाके मोठे, एक वर, एक खाली, मधेच गाठ. मी बघितली होती ती शिलाई, अहो. माझ्या डोळ्यांनी बघितली. मनात आलंसुद्धा, की पुरुषाच्या जातीला टाका येत नाही. आणि चिमट्यानं आत ढकलली. दोरा जळताना आखडला आणि वाकडा झाला.

पोरं आपल्या घरी आलीच नाहीत. चार-आठ दिवसांत पलीकडं फौज गेली आणि सगळं निवलं.

तुम्ही परत आलात. मुनशीजींच्या दाराला कुलूप होतं म्हणालात. मग ट्रंक उघडलीत. मी पाठमोरी होते, दळत होते. म्हणाले, "वाळवी लागली व्हती. टाकून दिलं समदं."

तुम्ही ट्रंकेचं झाकण लावलंत. मग चुलीपाशी आलात, राखेत बोट फिरवलंत आणि म्हणालात, "वाळवीला अक्षरओळख न्हवती. तिचा काय दोष."

मला कळलं नाही असं समजू नका. मला कळलं, की तुम्हाला कळलं. पण मी जातं थांबवलं नाही. तेवढं मला जमतं, ऐकू आलं तरी जातं फिरवत राहणं.

पुढं दोन-तीन वर्षांनी शाळेत हिंदी शिकवायला माणूस हवा होता. तुम्ही गेलात. दाखला मागितला, तर तुम्ही त्यांना सांगितलंत, "वाळवीनं खाल्ला." माझं खोटं तुम्ही सरकारदरबारी जाऊन सांगितलंत! तिथल्या कारकुनानं विचारलं, "कशाचा होता?" "हिंदुस्थानीचा." "मग वाळवीनं बरं केलं," तो म्हणाला, "असला विषय आता राहिला नाही." ही गोष्ट तुम्ही चारचौघांत सांगून हसवायचात. मी आत उभी राहून ऐकायची. मरेपर्यंत तुम्ही ढेकळं फोडलीत, आणि दरवर्षी सुगीला मला सांगत राहिलात, तळाला हात लावू नगं.

आता ते पान.

शालन घरी आल्यावर डब्यातून काढलं. मी अक्षराकडं बघितलंच नाही. माझं लक्ष गेलं कडेला. कडेला तीन भोकं होती आणि एका भोकात लाल दोऱ्याचा बोटभर तुकडा अडकला होता. एक वर, एक खाली, मधेच गाठ. हा धावदोरा मी शिकवला होता. माझ्या गुडघ्याला टेकून बसून, जीभ बाहेर काढून, गोदा शिकली होती. गाठ मारू नगं, पुढं चल, असं मी तिला शंभरदा सांगितलं होतं.

मला अक्षर येत नव्हतं. टाका तर येत होता ना? तरी मी ढकलली.

शालन म्हणाली, "आत्याबाई, खाली लिवलंय, गोदानं लिहिलं." मग ती वाचायला लागली. वर मोठ्या अक्षरात "हिंदुस्तानी", आणि त्याखाली ओळी. प्रत्येक ओळ डावीकडून निघून मध्यावर थांबलेली. उजवीकडून दुसरीच अक्षरं निघून तीही मध्यावर येऊन थांबलेली. जशी दोन माणसं बांधावर भेटतात तशी. डावीकडचं शालननं वाचलं:

"इस ज़बान के नाम बहुत हैं, ज़बान एक है। मेरी माँ के नाम दो हैं। मायके में चिमा, ससुराल में सरस्वती। माँ एक है। माँ को लिखना नहीं आता। मैं सिखाऊँगी।"

"ही तर हिंदी हाय," शालन म्हणाली. "आमाला व्हती शाळेत."

उजवीकडचं तिला येईना. मी पान पदराखाली धरलं आणि उजेड होता तोवर हमीदाकडं गेले. तिला कुराण वाचता येतं, बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत. आता तिचे डोळेही गेल्यात जमा आहेत. तिनं पान नाकाला लावलं. किती वेळ लावला हो! मला वाटलं, उजवीकडं पोरीनं काही वेगळं लिहिलं असेल. माझ्याबद्दल. आय मला रागं भरते म्हणून.

"भाबी," ती म्हणाली, "इदर से बी वोइच है। कुच फरक नै।"

"वाच तरी."

तिनं वाचलं. शेवटच्या शब्दाला थांबली आणि पदर तोंडाला लावला. मी विचारलं, "हमीदा, ही भाषा कुठली म्हणायची गं?" ती म्हणाली, "कौनसी क्या? घर की है ना. मैं बोलती वोइच."

बघा. शालनची हिंदी, हमीदाची घरची, लष्कराची उर्दू, साहेबाची हिंदुस्थानी. माझ्या पोरीनं मात्र त्यात माझं नाव लिहिलं होतं. दोन्ही बाजूंनी. आणि मी तिची वही आठ भाकऱ्यांखाली घातली.

हमीदानं आपले कागद लपवले, कारण त्यात काय आहे ते तिला वाचता येत होतं. मला येत नव्हतं, म्हणून मला फक्त भीती वाटली.

आता माझा राग ऐका. हे एक पान तुम्ही वहीतून फाडून मुनशीजींना दाखवायला नेलं असणार, लेकीचं अक्षर बघा म्हणून. कुलूप बघून परत आलात, ट्रंक बघितलीत, राख बघितलीत, आणि खिशात हे पान असताना माझ्याशी वाळवीच्या गप्पा मारल्यात! मला सांगितलंत का नाही? मी काय जाळलं ते मला कळू नये म्हणून तुम्ही ते अशा जागी ठेवलंत, जिथं माझा हात मरेपर्यंत जाणार नाही. माझा नेम मला ठाऊक नव्हता एवढा तुम्हाला ठाऊक होता. अन् फाडून टाकलं नाहीत, जाळलं नाहीत. माझ्याच धान्याखाली पुरलंत.

लई शहाणे! वाटलं असेल, बायकोचं दुःख वाचवलं. पण तुम्ही कधी एकटेच ते पान काढून बघत होतात का, मी पाण्याला गेल्यावर? मेण दोन रंगांचं आहे. जुनं काळं आणि त्यावर नवं. म्हणजे बघत होतात. मग मला का नाही बसवलंत शेजारी? दोघं मिळून रडलो असतो. तुम्ही वाचलं असतं, मी टाक्यावरून बोट फिरवलं असतं. इतकी वर्षं एका घरात राहून, एक पोरगी आपण दोन ठिकाणी जपली. तुम्ही तळाला, मी पोटात.

ही शालन लिहायची थांबली आहे. "आत्याबाई, पुरं करू का?" म्हणते. तिला सांगितलं, रडायचं असेल तर कागद बाजूला धर, शाई पसरंल.

त्या काळ्या ज्वारीची भाकरी केली. कडू लागली. नातीनं अर्धी खाल्ली आणि झोपली. आज ताप थोडा कमी आहे. उद्याचं कोणी सांगावं. कणगी उघडी पडली आहे. जाता-येता आत बघायचं टाळते.

तुम्हाला दोन गोष्टींचा शब्द देते.

पहिला. हे पान पुन्हा तळाला जाणार नाही. डब्यातून काढून देवाच्या फळीवर ठेवलं आहे, दाराच्या उजेडात. आणि शालनला बजावून ठेवलं आहे, की मी जाईन तेव्हा म्हातारीचा जीव होता म्हणून हे माझ्याबरोबर सरणावर ठेवायचं नाही. मी एकदा जाळलं, तेवढं पुरे.

दुसरा. गोदानं म्हटलं आहे ना, मी शिकवीन, तर आता मी तिला खोटं पडू देणार नाही. कालपासून चुलीपुढच्या राखेत बोटानं तिची अक्षरं गिरवते आहे. त्याच चुलीपुढच्या. दोन अक्षरं बसली. शालन म्हणते, दुसरं तोंड फिरवून उभं आहे; असू दे. मग तुमचं नाव शिकणार. तोंडानं घ्यायचं नाही असं सासूबाईंनी सांगितलं होतं, हातानं घ्यायचं नाही असं कोणी सांगितलेलं नाही. तुमच्याकडं यायच्या आधी एकदा ते लिहीन, आणि कोणी दार अडवलेलं नसताना लिहीन.

खालची सही शालनची नाही. लेखणी मी घेतली आहे. हसू नका, वाकडी आहे. लेकीनं शिकवली आहे.

चिमा